‘त्या काळी कुणाला ठाऊक होते?’ : हिलसा, बंधारे आणि एका सोयीच्या अज्ञानाचा इतिहास

१/२५
नदीवर बंधारा उभा राहतो, काही वर्षांत मासा नाहीसा होतो, आणि इतिहास सांगताना एक ठरलेले वाक्य येते : “त्या काळी याची कल्पना कुणालाच नव्हती.” वाक्य समंजस वाटते. पूर्वजांना त्यांच्याच काळाच्या मापाने मोजावे, हा इतिहासाचा नियमही त्यात पाळल्यासारखा दिसतो. हिलसा माशाच्या बाबतीत मात्र हे वाक्य असत्य आहे. कल्पना होती, लेखी होती, आणि सरकारदरबारी पोहोचलेलीही होती. हा थ्रेड त्या लेखी पुराव्यांचा.

२/२५
आधी मासा. हिलसा म्हणजे बंगालचा इलिश, सिंधचा पल्ला. तो वाढतो समुद्रात आणि अंडी घालतो नदीत. पावसाळ्यात नद्यांचा गोडा लोंढा समुद्रात उतरू लागला की गाभोळीने भरलेल्या माद्या आणि नर थव्यांनी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. एक मोठी मादी लाखो अंडी देते. पिल्ले काही महिने नदीत काढून समुद्राकडे परततात. या चक्रात नदी आणि समुद्र दोन्ही लागतात. यांपैकी एकाची वाट बंद झाली की चक्र थांबते.

३/२५
१८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन या कंपनीच्या शल्यचिकित्सकाने गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे २७० जातींची वर्णने त्यात आहेत आणि हिलसाही आहे. त्याला दिलेल्या शास्त्रीय नावातील ‘इलिशा’ हा शब्द बंगाली भाषेतून उचललेला आहे. म्हणजे युरोपीय विज्ञानाच्या वहीत हा मासा शिरला तोच मुळी स्थानिकांनी दिलेले नाव घेऊन. ‘कुणालाच’ या शब्दात कोण कोण धरायचे, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

४/२५
आता बंधारे. १८३६ मध्ये आर्थर कॉटन या अभियंत्याने तमिळ प्रदेशात कोल्लिडम नदीवर वरचा आणि खालचा असे दोन आणिकट बांधले. १८५२ मध्ये गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा पूर्ण झाला. १८५५ मध्ये कृष्णेवर विजयवाड्याचा. या कामांनी दुष्काळी मुलखात भात पिकू लागला. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात कॉटन यांचे पुतळे आजही आहेत आणि त्यांना हार घातले जातात. ही कृतज्ञता खोटी नाही. प्रश्न त्या कामाच्या हिशेबात काय धरले गेले नाही, एवढाच आहे.

५/२५
आणि हा प्रश्न पहिल्यांदा विचारणाऱ्यांत खुद्द कॉटन होते. १८६० च्या दशकात, निवृत्तीनंतर, त्यांनी लंडनच्या भारतमंत्र्यांचे लक्ष एका शक्यतेकडे वेधले : नद्यांवरील बंधाऱ्यांमुळे समुद्रातून विणीसाठी वर चढणाऱ्या माशांची वाट अडून किनाऱ्यावरची मासेमारी धोक्यात येत असावी. ज्याच्या हातून बंधारे झाले, त्याच्याच हातचा हा इशारा. ‘कल्पना नव्हती’ या वाक्याला पहिला छेद इथे जातो.

६/२५
त्यातून चौकशी निघाली आणि ती फ्रान्सिस डे यांच्याकडे आली. डे हे मद्रास सैन्यातील शल्यचिकित्सक. पुढे भारतातील मत्स्यव्यवसायाचे महानिरीक्षक झाले. १८७३ मध्ये त्यांचा भारत व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या माशांवरील अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात दोन दोषी दाखवले होते. एक, बारीक आसाची जाळी, विषप्रयोग आणि पिल्लांची सरसकट धरपकड. दोन, माशांना वाट न ठेवता बांधलेले बंधारे. बंधाऱ्यांत माशांसाठी मार्ग ठेवावेत, ही शिफारसही त्यांनी केली.

७/२५
या अहवालानंतर २४ वर्षांनी, १८९७ मध्ये, भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा आला. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा त्याने थेट गुन्हा ठरवला. जाळी आणि नदीतील आडकाठ्या यांबाबत मात्र प्रांतिक सरकारांना ‘नियम करता येतील’ एवढाच अधिकार दिला. पाटबंधारे खात्याने बंधाऱ्यात माशांची वाट ठेवलीच पाहिजे, अशी सक्ती त्यात नव्हती. डे यांच्या दोन दोषींपैकी ज्याच्या हातात जाळे होते, त्याला कायद्याने पकडले. ज्याच्या हातात नकाशा होता, तो सुटला.

८/२५
याला अज्ञान म्हणता येत नाही. एकाच अहवालाचे अर्धे पान वाचून अर्धे मिटून ठेवणे याला निवड म्हणतात. सरकारला जलसिंचनातून महसूल मिळत होता. नदीत चढणाऱ्या माशातून मिळणारे उत्पन्न विखुरलेले होते आणि ते प्रामुख्याने मच्छीमारांच्या घरांत जात होते. ज्यांचा हिशेब कुठल्या खात्यावर मांडला जात नाही, त्यांचे नुकसान ‘अनपेक्षित’ ठरवणे नेहमीच सोपे असते.

९/२५
आता काही काळ नदीकाठ सोडून प्रयोगशाळेत जावे लागेल. कारण पुढचा बचाव असा येतो की १८७३ चे ज्ञान निरीक्षणापुरते होते, माशाच्या शरीराचे शास्त्र नंतर आले. ते खरे आहे. प्रश्न ‘नंतर’ म्हणजे केव्हा, एवढाच. समुद्राचे पाणी माशाच्या रक्तापेक्षा खारट, तर नदीचे त्याहून फिके. दोन्ही पाण्यांत जगणारा मासा शरीरातील क्षार सांभाळतो कसे, हे कोडे फराक्का धरणाचा पहिला दगड बसण्याच्या तीस वर्षे आधी उलगडू लागले होते.

१०/२५
१९३० मध्ये अमेरिकेतील होमर स्मिथ यांनी दाखवले की समुद्रातले हाडांचे मासे समुद्राचे पाणी पितात आणि जादा मीठ मुख्यतः मूत्रावाटे नव्हे, तर कल्ल्यांच्या मार्गे बाहेर टाकतात. १९३१ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ईल म्हणजे वाम माशाच्या हृदय व कल्ल्यांवर प्रयोग करून कल्ले खरोखरच क्लोराइड बाहेर फेकतात हे सिद्ध केले. पुढच्याच वर्षी त्यांनी व विल्मर यांनी ते काम करणाऱ्या पेशींचे वर्णन केले. डेन्मार्कचे नोबेल विजेते ऑगस्ट क्रोग यांनी त्याच दशकात उलट बाजू दाखवली : गोड्या पाण्यातले मासे विरळ पाण्यातूनही क्षार ओढून घेतात.

११/२५
याचा नदीच्या दृष्टीने अर्थ सरळ आहे. समुद्रातून नदीत शिरणारा मासा नुसती जागा बदलत नाही. त्याच्या कल्ल्यांचे काम उलटे फिरते. मीठ फेकणारे शरीर मीठ राखणारे होते. त्यासाठी ऊर्जा खर्च होते, आणि प्रवाहाविरुद्ध पोहायला ती वेगळी लागते. हिलसाच्या ज्या तेलकट चवीवर बंगालचा जीव जडला आहे, ती चरबी म्हणजे या प्रवासाची शिदोरी आहे. बंधाऱ्याच्या पायथ्याशी अडकलेला मासा वाट पाहत बसू शकत नाही. त्याची शिदोरी रोज संपत असते आणि पोटातली गाभोळी थांबत नाही.

१२/२५
याच दशकात भारतीय उपखंडात काय चालले होते? १९३२ मध्ये सिंधूवर सक्खरचा बॅरेज सुरू झाला. १९३४ मध्ये कावेरीवर मेट्टूर धरण पूर्ण झाले आणि पावसाळी पूर जलाशयात अडू लागला. हिलसाला वर बोलावणारी हाक म्हणजे तोच पूर. खालच्या आणिकटने आधीच अर्धी वाट रोखली होती. आता हाकही बंद झाली. कावेरीतील हिलसाची मासेमारी त्यानंतर ओसरली. भिंत माशाच्या वाटेतच असली पाहिजे असे नाही. शेकडो किलोमीटर वर पूर अडवूनही तोच परिणाम साधतो.

१३/२५
सिंधमध्ये पल्ला नुसता मासा नव्हता. सक्खरजवळच्या जिंदपीराच्या दर्शनाला तो सिंधूतून चढत जातो, अशी तिथली लोकश्रद्धा. झुलेलालांची प्रतिमा याच माशावर विराजमान असते. फाळणीनंतर उल्हासनगरात वसलेल्या सिंधी घरांतून ती महाराष्ट्रानेही पाहिली आहे. पूर्वी पल्ला मुलतानपर्यंत चढे. सक्खरच्या बॅरेजने त्याचा प्रवास सक्खरला थांबवला. १९५५ मध्ये खाली कोटरीला दुसरा बॅरेज झाला आणि दर्शनाची वाटच संपली. बॅरेजमध्ये माशांसाठी शिडी होती. पल्ल्याला तिचा उपयोग झाला नाही.

१४/२५
शिडी निरुपयोगी का ठरली? पायऱ्यापायऱ्यांची मासेशिडी ही उत्तरेकडच्या सॅमन माशाला डोळ्यांसमोर ठेवून विकसित झाली. सॅमन उडी मारतो. हिलसा शॅड कुळातला. तो उडी मारून पायऱ्या चढणारा मासा नव्हे, त्याला पोहत जाता येईल असा सलग, पुरेसा खोल प्रवाह लागतो. दुसऱ्याच्या मापाचा जोडा पुढे करून ‘आम्ही जोडा दिला होता, तो घातला नाही’ असे म्हणण्यासारखा हा प्रकार आहे.

१५/२५
इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो : मग शॅडसाठी शिडी अशक्यच होती काय? नाही. अमेरिकेच्या कोलंबिया नदीवरील बॉनव्हिल धरण १९३८ मध्ये प्रशस्त मासेमार्गांसह उभे राहिले, आणि तिथे शॅड आज लाखोंनी वर जातात. म्हणजे दोष माशात नाही. मार्ग किती मोठा, प्रवाह कसा, आणि धरण झाल्यावर निरीक्षण करून तो सुधारला की नाही, यावर सारे अवलंबून असते. त्याच कोलंबियावर वर ग्रँड कूली धरण मात्र मासेमार्गाशिवाय उभारले गेले आणि तिथून वरचा सॅमन संपला. एकाच नदीवर, एकाच काळात, दोन निर्णय.

१६/२५
आता भारतीय शास्त्रज्ञ. सुंदरलाल होरा, पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक, १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून बंगालच्या पाण्यातील हिलसाच्या भटकंतीवर लिहीत होते. १९४२ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी धरणांचा हिलसाच्या स्थलांतरावर होणारा परिणाम हाच विषय घेतला. याच होरांनी कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथातील ‘मत्स्यविनोद’ प्रकरणाचाही अभ्यास केला. जुने दक्खनी मत्स्यज्ञान आणि नव्या धरणांचा धोका, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होते.

१७/२५
१९५१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचे आर्थर हॅस्लर आणि त्यांचे सहकारी विस्बी यांनी मांडले की प्रत्येक ओढ्याला स्वतःचा गंध असतो आणि मासा तो ओळखू शकतो. पुढे सॅमनच्या पिल्लांना विशिष्ट रसायनाचा वास देऊन, मोठेपणी त्याच वासाच्या ओढ्यात ते परततात, हेही दाखवले गेले. हिलसा सॅमन नव्हे. पण नदी म्हणजे कुठेही वळवता येणारे नुसते पाणी नाही, हे विज्ञानाने फराक्काचे काम सुरू होण्याच्या दहा वर्षे आधी सांगितले होते.

१८/२५
फराक्का. कोलकाता बंदर गाळाने भरत होते. गंगेचे पाणी हुगळीत वळवून गाळ धुवावा, ही कल्पना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती मांडणाऱ्यांत पुन्हा आर्थर कॉटनच होते. १९६१ मध्ये काम सुरू झाले, एप्रिल १९७५ मध्ये बॅरेज कार्यान्वित झाला. सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबी, शंभराहून अधिक दारे, हुगळीकडे ४०,००० क्युसेक पाणी नेणारा ३८ किलोमीटरचा कालवा. माशांसाठी लॉक ठेवले होते. ते आराखड्यात होते; हिलसाच्या थव्यांना ते वर नेऊ शकले नाहीत.

१९/२५
१९७५ पूर्वी हिलसा गंगेत बक्सर, अलाहाबादपर्यंत चढे. यमुनेत आग्रा, दिल्लीपर्यंतच्या नोंदी आहेत. समुद्रापासून हजार किलोमीटरहून अधिक. बॅरेजनंतर वरच्या गंगेतील त्याची मासेमारी कोसळली. बिहार आणि उत्तर प्रदेशातील मल्लाह, केवट, निषाद यांच्या जाळ्यांतून एक अख्खा हंगाम वजा झाला. कोलकात्याच्या बंदराचा खर्च कहलगावच्या होडीवर चढवला गेला. पण तो कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

२०/२५
त्या होड्यांनी आवाज उठवला होता. १९८२ मध्ये भागलपूरजवळच्या कहलगावात गंगा मुक्ती आंदोलन उभे राहिले. सुलतानगंज ते पीरपैंती या सुमारे ८० किलोमीटरच्या गंगेवर तेव्हा जमीनदारांचा ‘पानीदारी’ हक्क होता. मच्छीमारांना नदीत जाळे टाकण्यासाठी कर द्यावा लागे. आंदोलनाने तो हक्क उखडून काढलाच, शिवाय फराक्कामुळे मासे अडतात हेही सतत मांडले. नदी अखेर मच्छीमारांची झाली, तेव्हा तिच्यातला हिलसा गेलेला होता. या घटनेला ‘अनपेक्षित परिणाम’ म्हणणे हा त्या लोकांचा अपमान आहे.

२१/२५
शेवटचा बचाव : “मासेमारांनीच अति मासेमारी केली.” अति मासेमारी खरी आहे आणि तिने नुकसान केलेच. पण बंधाऱ्याच्या खालचा इतिहास पाहावा. बांगलादेशाने विणीच्या काळात २२ दिवसांची बंदी घातली, २५ सेंटिमीटरपेक्षा लहान ‘जाटका’ पकडण्यास कित्येक महिने मनाई केली, बाधित कुटुंबांना धान्य दिले. या शतकाच्या आरंभी सुमारे दोन लाख टनांवर असलेले उत्पादन पुढे पाच लाख टनांपलीकडे गेले. जिथे वाट मोकळी होती, तिथे जाळे आवरल्यावर मासा वाढला. फराक्काच्या वर कितीही जाळी गुंडाळली, तरी जो मासा पोहोचतच नाही तो वाढणार कुठून?

२२/२५
म्हणून दोन्ही कारणे एकाच तागडीत टाकता येत नाहीत. जाळे हंगामात आवरता येते. भिंत वर्षाचे बारा महिने उभी असते. जाळ्यावर दंड बसतो. भिंतीचे उद्घाटन होते. १८९७ चा कायदा आणि आजची ‘मासेमारांनी संपवला’ ही चर्चा यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे, पण बोट त्याच माणसाकडे आहे. ज्याच्यापाशी आपली बाजू लिहून ठेवण्याचे साधन नव्हते, त्याच्याकडे.

२३/२५
आज काय चालले आहे, हेही न्यायाने सांगावे लागेल. बराकपूरची केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था, स्थापना १९४७, गेली काही वर्षे फराक्काच्या खाली पकडलेले जिवंत हिलसा वर नेऊन सोडते. खूण केलेले काही मासे वरच्या टप्प्यात पुन्हा सापडले. नवे जलवाहतूक लॉक उभारताना हिलसाच्या वाटेचा विचार झाला. संशोधकांची ही मेहनत मोलाची आहे. पण हाताने मासे पलीकडे नेणे म्हणजे जी वाट १८७३ मध्ये मागितली गेली, ती १५० वर्षांनी ओंजळीओंजळीने देणे.

२४/२५
डिसेंबर १९९६ मध्ये भारत व बांगलादेश यांनी ३० वर्षांचा गंगा पाणीवाटप करार केला. १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या काळात फराक्कापाशी येणारे पाणी दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने दोन देशांत वाटायचे. त्या कोष्टकात दोनच रकाने आहेत : भारत आणि बांगलादेश. नदीने स्वतःसाठी किती राखायचे, याचा तिसरा रकाना नाही. कराराची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. आधीच्या निर्णयांच्या वेळी कागद उघडले गेले नाहीत असे म्हणण्याची सोय होती. या वेळी ती नाही.

२५/२५
धरणे बांधूच नयेत, असा या इतिहासाचा निष्कर्ष नाही. गोदावरीच्या भाताने माणसे जगली, हे माशाच्या नावाने पुसता येत नाही. निष्कर्ष एवढाच : नुकसान ठाऊक असून सोसायला लावले असेल, तर तसेच लिहावे. ‘ठाऊक नव्हते’ असे लिहिले की कॉटनचे पत्र, डे यांचा अहवाल, होरांचा लेख आणि कहलगावच्या मच्छीमारांचा आवाज, सगळेच एका वाक्यात गाडले जातात. पुढच्या वेळी कुठल्याही नदीबद्दल ते वाक्य वाचनात आले, की एकच विचारावे : कुणाला ठाऊक नव्हते?